बर्फाचे दोन डबे

बर्फकाकांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या हातातली रक्ताची नळी काढून घेऊन बेसिनमध्ये ओतली तेव्हा. प्रबंधासाठी प्रयोगशाळेत रुजू होऊन मला जेमतेम तीन दिवस झाले होते. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यातून नळी घेऊन मी जिना चढत होते, मधल्या वळणावर एक जुनी मैत्रीण भेटली आणि आम्ही दहाएक मिनिटं बोलत उभ्या राहिलो. एवढाच काय तो गुन्हा. वर पोचले तर हा किडकिडीत माणूस दारातच उभा. त्यांनी नळी घेतली, काचेवर बोट टेकवलं आणि मला काही कळायच्या आत नळ सोडला.

"कोमट झालंय," ते म्हणाले. "हे आता रक्त नाही, लाल शाई आहे. बसा पत्रं लिहीत."

राग तेव्हाही माझ्या नाकावरच असायचा, आजही असतो. मी तडक सरांकडे गेले. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांनी चष्मा पुसत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांच्याशी भांडू नकोस. तो माणूस नेमका बरोबर असतो, हीच त्याची अडचण आहे."

काका आमच्याकडे रक्त काढायला होते. त्यांचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकात असेल, पण ते वाचायची वेळ कधी कोणावर आली नाही. सकाळी इमारतीत शिरले की ते आधी तळघरात जात. तिथे बर्फाचं एक यंत्र होतं, दिवसभर खडखडत असायचं. काका आपला निळा डबा त्याखाली धरत आणि चिमूटभर बर्फ बोटांत चोळून पाहत. "आज ओला पडतोय," असं ते भाजी निवडावी तशा आवाजात म्हणत आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याला लगेच फोन जाई. डब्याच्या झाकणाची एक कडी तुटली होती, तिथे चिकटपट्टी. नवा डबा देऊ केला तर म्हणत, "याला माझी सवय झालीय."

त्यांची एक वही होती. तिच्यात चार रकाने. नळीचा नंबर, रक्त निघाल्याची वेळ, बर्फात ठेवल्याची वेळ आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, फिरवल्याची वेळ. सगळं पेन्सिलीने, कारण ओल्या हाताने शाई पसरते. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, म्हणजे सुई धरलेला हात न वळवता काटा दिसे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक मी कधी पाहिला नाही. वर्षानुवर्षांच्या त्या वह्यांमध्ये एकही घर रिकामं नव्हतं. निदान तोवर नव्हतं.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला त्यांनीच समजावलं. मी पुस्तकातून शिकून आले होते. लायसोफॉस्फोलिपिड हा शब्द मला न अडखळता म्हणता यायचा आणि त्याचा मला गर्वही होता. काकांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. ते तिला 'लंगडी' म्हणत.

"हे बघा, होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई," एकदा सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघत ते म्हणाले. "पेशीची भिंत चरबीची. त्या चरबीला दोन पाय. दोन पाय आहेत तोवर ती भिंतीत गपगुमान उभी. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण कोणी तिचा एक पाय तोडला, की ती भिंतीतून सुटते आणि लंगडी घालत गावभर निरोप देत सुटते. या दाराची कडी वाजव, त्या दाराची कडी वाजव. जखम झालीय, या. रक्त गोठतंय, आवळा. ही पेशी हलते, ती पेशी वाढते. बरंच काम करते बिचारी."

"मग वाईट काय त्यात?"

"अति तिथे माती. निरोप थांबलेच नाहीत तर? फुप्फुसात वण वाढत जातो. कुठे गाठ असली तर तिला पसरायला वाट मिळते. नसेला निरोप गेला तर दुखत राहतं. लंगडी वाईट नाही हो, तिला घरी परत बोलावणारं कोणी नाही, ते वाईट."

मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की, इतकं चांगलं व्याख्यान त्यांनी स्वतः कधी दिलं नाही.

आणि बर्फ यासाठी की, रक्त शरीराबाहेर आलं म्हणून त्यातलं काम थांबत नाही. रक्तात एक एन्झाइम असतो. तो साध्या लंगडीपासून दुसरी, फार तिखट लंगडी बनवत राहतो. नळी टेबलावर राहिली तर तो नळीतही बनवतच राहतो आणि लंगडी मोजणाऱ्या यंत्रावर आकडा फुगून येतो. तो आकडा माणसाचा नसतो, टेबलाचा असतो. नळी बर्फात गेली की एन्झाइम गारठून हातपाय आखडून बसतो. म्हणून माझी ती पहिली नळी बेसिनमध्ये गेली. माझा राग गेला नाही, पण मी कानाला खडा लावला.

मी तिथे गेले तेव्हा सरांच्या डोक्यात खाज होती. म्हणजे अभ्यासाचा विषय म्हणून. यकृताच्या एका जातीच्या दुखण्यात पित्त तुंबतं आणि अंगाला खाज सुटते. तळवे, तळपाय, मग सगळं अंग. कातडीवर काहीही नसतं. नेहमीच्या खाजेच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. आणखी गंमत म्हणजे, दुखणं थोडं असलं तरी खाज भयंकर असू शकते आणि दुखणं बळावलं तरी खाज नसू शकते. सरांना वाटत होतं की त्या तिखट लंगडीने नसांना निरोप देणं चालवलं असावं. तसा अंदाज इतरांनीही बांधला होता, आमच्यापेक्षा मोठ्या ठिकाणी. आम्ही साठ माणसं घ्यायची ठरवली. दुखणं सगळ्यांना तेच, पण चाळीस जणांना खाज आणि वीस जणांना नाही.

काका या अभ्यासात जरा जास्तच जीव ओततात, हे माझ्या लक्षात आलं होतं. एरवी कामापुरतं बोलणारा माणूस आलेल्या बायकांना विचारत बसायचा. पायापासून सुरू झाली का, गार पाण्याने थांबते का, घरचे काय म्हणतात. शेवटचा प्रश्न आमच्या छापील यादीत नव्हता.

त्याचं कारण मला त्यांच्या घरी कळलं. एकदा काकांनी ताप आला म्हणून सुट्टी घेतली आणि त्यांच्याकडच्या कपाटाची किल्ली आणायला मी गेले. दार उघडलं ते काकूंनी. दोन्ही हातांत मोजे, उकाड्याचे दिवस असूनही. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "नखं नकोत म्हणून. मोजे काढले की मी मांजर."

दोन खोल्यांचं घर, लख्ख पुसलेलं. दाराच्या चौकटीचा रंग एका जागी, खांद्याच्या उंचीवर, पार उडाला होता. तिथे पाठ घासून घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं. फ्रिज उघडला तर वरच्या कप्प्यात दूध-भाज्यांच्या जागी घडी करून ठेवलेले ओले टॉवेल. काकूंच्या हातावर, मानेवर ओरखडे, काही जुने, काही त्या सकाळचे. बाकी डोळे स्वच्छ, रंग साधा, आवाज खणखणीत. बघणाऱ्याला आजारी वाटावी अशी ती बाई नव्हती आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

खाटेवर काकांची थोरली बहीण बसली होती. यजमान गेल्यापासून त्या भावाकडेच राहत. काकू त्यांना वन्सं म्हणत. मी किल्ली घेऊन निघाले तेव्हा वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा हिला. चार डॉक्टर झाले. एक म्हणाला यकृत थोडं बिघडलंय. थोडं. थोड्याला एवढं अंग ओरबाडतात का कोणी? मन रिकामं असलं की हात कामाला लागतात."

काकूंनी मोजे वर ओढले. मूग गिळून बसायची त्यांना सवय झाली असावी. जिन्यापर्यंत मला सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या दुष्ट नाहीत हं. दुखलं तर माणूस कण्हतो, लोक जवळ येतात. खाजवलं तर लोक लांब सरकतात. ज्याचं जळतं त्याला कळतं." मग म्हणाल्या, "कधीकधी मलाच वाटतं, मीच करतेय की काय हे सगळं."

तो मोज्यातला हात मी आजही विसरलेले नाही.

मीच सरांना सांगितलं की काकांच्या घरात आपल्या अभ्यासात बसणारं माणूस आहे. काका स्वतः कधीच म्हणाले नसते. सरांनी कागद तपासले आणि काकूंना एकतीस नंबर मिळाला. यंत्रावर काम करणाऱ्यांना फक्त नंबर दिसायचा, नाव नाही.

काकू आल्या त्या सकाळी दवाखान्यात भयंकर उकडत होतं. पंखा होता, पण तो नुसतीच गरम हवा फिरवत होता. काकूंना तीन दिवस झोप नव्हती. दुसऱ्या कोणालाही सुई लावू द्यायला काका तयार नव्हते. ओरखड्यांमधून शीर शोधायला त्यांना वेळ लागला, पण सुई एकदाच गेली. मी दारावरून दोनदा गेले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा काका बाहीची घडी सोडत होते. बऱ्याच वेळाने परत गेले तेव्हा काकू खुर्चीवर बसल्या होत्या, मोजे काढलेले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या निळ्या डब्यात. डोळे मिटलेले. चेहरा असा सैल पडला होता की क्षणभर मी घाबरलेच. मग त्या झोपेतल्यासारखं हसल्या. काका समोर स्टुलावर बसून नुसते बघत होते. मला फार बरं वाटलं ते बघून. टेबलावर काय होतं, हे मी बघितलं नाही.

महिनाभराने आकडे आले. सरांनी मला बोलावलं. कागदावर दर माणसामागे एक ठिपका होता, रक्तात तिखट लंगडी जितकी जास्त तितका वर. खाज नसलेले वीस खाली एका पट्ट्यात दाटीवाटीने आणि खाजवाले चाळीस वर पसरलेले. आणि त्यांच्याही वर, अगदी कागदाच्या टोकाशी, एकटाच एक ठिपका. एकतीस.

"हे आपल्या अभ्यासाचं नाक," सर म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आकडा कोणाला सांगायचा नाही असा नियम होता. मी जिना उतरून खाली गेले आणि काकांना सांगितला. माझ्या पोटात तेव्हा काही राहत नसे. मला वाटलं ते हसतील. ते हातातली नळी तशीच धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यात जास्त?" मी म्हटलं, "सगळ्यात जास्त." त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

घरी काय झालं ते मला नंतर काकूंनी सांगितलं. काकांनी जेवताना सांगितलं, वन्सं ऐकत होत्या. त्यांनी ताट उचललं, मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठायच्या आत फ्रिजमधले टॉवेल कोणीतरी पिळून, नव्याने घडी करून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी वन्सं ओला टॉवेल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाठ कर इकडे. तुझा हात पोचत नाही तिथे." लग्न होऊन आलेल्या बाईला त्या घरात पंचवीस वर्षांनी कोणीतरी असं म्हणालं होतं. माफीबिफी मागायची त्या पिढीला सवय नव्हती. पाठ कर, यातच सगळं आलं.

हे आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. हातात ती वही होती. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि एकतीसच्या ओळीवर बोट ठेवलं. रक्त निघालं, दहा वाजून दहा मिनिटं. फिरवलं, अकरा वाजून पाच. मधलं घर रिकामं.

मला कळेना. मग कळलं आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"डबा तिच्याकडे होता," काका म्हणाले. "नळी ठेवायला गेलो तर ती म्हणाली, जरा हात ठेवू का यात. म्हटलं ठेव मिनिटभर. मग तिचा चेहरा बघितला. मला तो डबा ओढून घेता येईना. नळी त्यातच बाजूला खोचता आली असती, इतकं साधं. मला सुचलंच नाही. मी तिच्याकडेच बघत बसलो. पाऊण तासावर नळी टेबलावर होती त्या उकाड्यात. दहा दहाला काढली आहे, हे माझं मला अकरा वाजता आठवलं."

"मग तेव्हाच का नाही ओतली?"

"परत सुई लावायची म्हटली तर हात उचलेना माझा. म्हटलं, साठातली एक. काय फरक पडतोय." त्यांचं बोट रिकाम्या घरावर आलं. "रिकामं घर भरायला पेन्सिल हातात घेतली होती. तेही जमलं नाही."

आता मला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मी त्यांना म्हटलं, राहू दे. म्हटलं, कोणाला कळणार आहे, आणि काकूंना खाज आहे हे तर खरंच आहे ना, मग आकडा थोडा फुगला म्हणून काय बिघडलं. माझा प्रबंध त्याच कागदावर उभा राहणार होता हे मी म्हटलं नाही, पण ते बोलण्यात होतंच. आणि खरं सांगायचं तर फक्त प्रबंधाचं नव्हतं ते. मला त्या ओल्या टॉवेलची घडी डोळ्यासमोर दिसत होती.

"तुमची पहिली नळी मी काय केली होती?" काकांनी विचारलं.

"बेसिनमध्ये ओतली."

"दहा मिनिटं झाली होती तिला. आणि ही घरची, म्हणून पंचावन्न मिनिटांची चालते? लोकासांगे ब्रह्मज्ञान." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. वही मिटली. "उद्या याच आकड्यावरून कोणी औषध शोधायला बसलं तर ते तिच्यासारख्यांनाच देणार ना? लाल शाईवर औषध शोधायचं?"

ते सरांकडे गेले, मी मागोमाग. सरांनी सगळं ऐकलं. पट्टी घेऊन कागदावरच्या त्या एकट्या ठिपक्यावर सरळ रेघ मारली. काकांनी राजीनाम्याचा कागद खिशातून काढला तर म्हणाले, "तो परत खिशात घाला. एक घर रिकामं ठेवलंत म्हणून बाकीच्या सगळ्या घरांवर माझा विश्वास आहे. दुसरा कोणी भरून मोकळा झाला असता."

पण खरं कठीण काम पुढेच होतं. "तुम्ही चला घरी," काका मला म्हणाले. "मला शास्त्र सांगता येत नाही आणि तिच्याशी खोटं बोलता येत नाही. सरांपेक्षा तिचीच भीती वाटते मला."

आम्ही गेलो तेव्हा वन्सं काकूंच्या मानेवर टॉवेल ठेवत होत्या. मी सांगितलं. बर्फ, नळी, एन्झाइम, फुगलेला आकडा. माझा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला. वन्संचा हात टॉवेलवर थांबला.

"म्हणजे माझी खाज परत खोटी?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू. आकडा खोटा. खाज मोजायची अजून राहिलीय."

काकू काकांकडे बघत होत्या. ते भिंतीकडे बघत होते. मला वाटलं आता बाई रडणार किंवा त्यांच्यावर बरसणार. आठ दिवस मिळालेलं सगळं त्यांच्याच नवऱ्याने काढून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला मिनिटभर म्हणालात आणि तासभर ठेवू दिलं. तेव्हाच मला वाटलं होतं, आज हे घड्याळ कसं नाही बघत." मग म्हणाल्या, "परत घ्या रक्त. या खेपेला नळीला बर्फ द्या. मी बसेन हात मांडीत घेऊन. आणि कमी आला आकडा तर आला. मलाही बघायचंय एकदा."

वन्संनी टॉवेल उचलला आणि आत निघून गेल्या. जाताना काय वाटत होतं त्यांना, हे चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या रात्रीपासून टॉवेल परत काकूच पिळायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला काकू आल्या त्या दिवशी काका तळघरातून दोन डबे घेऊन वर आले. एक तोच जुना, चिकटपट्टीचा. दुसरा नवा. दोन्हींच्या झाकणांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्यांवर जाड पेनाने लिहिलं होतं. एकावर 'नळी'. दुसऱ्यावर 'ही'. आयुष्यभर चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, तेव्हा डब्यावर तरी दुसरं काय लिहिणार. काकूंनी ते वाचलं आणि एवढ्या लाजल्या की खाजवायचंही विसरल्या.

रक्त निघालं, नळी जुन्या डब्यात गेली. काकांनी आधी वहीत वेळ लिहिली, मग नवा डबा उघडून काकूंच्या मांडीवर ठेवला. वन्सं सोबत आल्या होत्या. सगळा वेळ कोपऱ्यात उभ्या राहून त्या बघत होत्या, परीक्षेच्या निकालाला आल्यासारख्या.

पुढचा महिना मला फार लांब गेला. कागद आला तेव्हा मी आधी वरच्या टोकाकडे बघितलं. तिथे आता दुसराच कोणीतरी होता. मग एकतीस शोधला. तो मध्येच होता, चाळिसातला एकोणिसावा. आजूबाजूला माणसंच माणसं. खाज नसलेल्या विसांपैकी मात्र एकही त्याच्या जवळपास नव्हता.

मी संध्याकाळी काकांबरोबर त्यांच्या घरी गेले. वाटेत ठरवत होते की कसं सांगायचं. सगळ्यात वर असलेल्या बाईला तू मधली आहेस हे कसं सांगतात? शेवटी कागदच काढला आणि बोट ठेवून दाखवलं. हे खाज नसलेले, हे खाज असलेले, आणि या तुम्ही. वन्संनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. खालचा पट्टा बघितला, वरचा बघितला, मधली मोकळी जागा बघितली. "म्हणजे ही त्यांच्यातलीच," त्या म्हणाल्या. "थेरं नव्हती." मग उठून फ्रिजकडे गेल्या.

काकूंनी कागद जवळ ओढला. एकतिसाच्या वरचे ठिपके त्या मोज्यातल्या बोटाने एकेक करून मोजत होत्या, ओठ हलवत.

"माझ्या वर अठरा जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यापेक्षा जास्त खाजतं त्यांना?"

"आकड्यावरून तसं वाटतं खरं. बहुतेक बायकाच आहेत."

काकूंचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, खाजेने नाही, आकडा खोडला तेव्हाही नाही. त्या काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्यांना घरी बर्फ कोण देतं?"

 

नंतरच्या गोष्टी साध्या आहेत. खाजेवर चालतं असं आधीपासून माहीत असलेलं एक जुनं औषध दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकूंना सुरू केलं. पूर्वी तेच डॉक्टर त्यांना झोपेच्या गोळ्या देत. खाज निम्मी झाली, मोजे गेले. माझा प्रबंध झाला, चाळिसातल्या मधल्या ठिपक्यासकट. आमचा अभ्यास लहानच होता. आज कोणी त्याचं नाव काढत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. काका निवृत्त झाले. काही वर्षांनी काकू गेल्या आणि त्यांच्यानंतर दीडेक वर्षात काका. वन्सं त्या दोघांनंतरही होत्या. मी भेटायला गेले की त्या मला दाराची ती चौकट दाखवत. घराला रंग दिला तेव्हा तेवढी जागा त्यांनी रंगवू दिली नव्हती.

त्या निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून काका रोज दोन डबे भरत. एक नळ्यांसाठी. दुसरा दवाखान्यात, खाजेचे लोक बसत त्या बाकाच्या शेजारच्या स्टुलावर, झाकण उघडं टाकून. कोणी विचारलं तर म्हणत, "घ्या, हात ठेवा, तुमचाच आहे." मी आता दुसऱ्या इमारतीत आहे. माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि टेबलावर राहिलेली नळी मीही बेसिनमध्ये ओतते. काकांचा तो दुसरा डबा आता इथे रोज भरला जातो. झाकणावरची पट्टी पिवळी पडली आहे, अक्षर पुसट झालं आहे. नवीन आलेली माणसं विचारतात की हा 'ही' कुठल्या नमुन्याचा नंबर आहे. मी सांगते, एकतीस.